थोरलीचं दुखणं

वाशी, सेक्टर १०
१७ सप्टेंबर १९८४

चि. वैजू हिस ताईचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. दर संक्रांतीला चार ओळींचं कार्ड टाकते तेवढंच, नाहीतर बारा वर्षांत मी तुला पत्र असं लिहिलंच नाही. आज लिहावंसं वाटलं.

आम्हाला इथे राहायला येऊन आता तीन वर्षं होतील. विलासला सिडकोची जागा मिळाली, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये जन्म गेल्यावर एवढा उजेड मला आधी सोसवेना. खाडीवरून वारा येतो, ओहोटी असली की चिखलाचा वासही येतो. विलास सकाळी बसने पूल ओलांडून मुंबईला जातो. सूनही नोकरीवाली, स्मिता बेलापूरला कोकण भवनात आहे, तिची साडेआठची बस. मग दिवसभर घरात मी एकटी. शेजारी बाजीराव म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, साताऱ्याकडचे, दिवसभर रेडिओ लावून बसतात. जुहूगावची सुंदराबाई आठवड्यातून तीनदा मासळी घेऊन येते. माझ्याच वयाची असेल, पण डोक्यावर पाटी घेऊन सगळे जिने चढते.

गणपती झाले. यंदा मी स्वयंपाकाला हात लावला नाही. ऑगस्टात न्हाणीघरात पाय घसरला आणि जरासं लागलं. आता ठीक आहे. थोडी पडून असते एवढंच.

तुझा खोकला कसा आहे? या दिवसांत चिपळूणची हवा तुझ्या छातीला मानवत नाही. शिवणाच्या क्लासच्या मुली दोन वेळा घेऊ नकोस, एकच वेळ पुरे. गरम पाणी पीत जा. विहिरीवर जाऊ नकोस.

एक विचारायचं होतं, सहज. मिरजेला तू सोळा महिने पाठीवर पडून होतीस. मी महिन्यातून एकदा यायचे, तुझा चार्ट बघायचे, डॉक्टरांशी बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. तू दिवस कसा काढायचीस ते मी कधी विचारलं नाही. आठवत असेल तर लिही.

आईबद्दलही काही लिहायचं होतं. ते पुढे केव्हातरी.

तुझी
ताई


वाशी
२५ नोव्हेंबर १९८४

चि. वैजू,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. महिना होऊन गेला. रोज पॅड पुढे ओढते आणि दोन ओळी लिहून कागद फाडते.

विलासने तुला परस्पर लिहिलं, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. मी चिडले त्याच्यावर. तो म्हणाला, "आई, तू मावशीला खोटं लिहितेस आणि मी खरं लिहिलं तर मलाच ओरडतेस?" आणि तू लिहिलंस, 'ताई, खुबा मोडला तर त्याला जरासं लागलं म्हणत नाहीत, हे तू नर्स असून मी तुला सांगायचं का?' ते वाचून मला हसू आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

तर खरं काय ते लिहिते.

माझा पाय घसरला नव्हता. गेलं वर्षभर उजवा पाय मागे राहत होता. आपण उचलतो म्हणावं आणि त्याने जरा उशिरा ऐकावं, तसा. दुसऱ्या कुणाच्या चालीत मला हे दारातूनच दिसलं असतं आणि मी त्याला हाताला धरून तपासायला नेलं असतं. स्वतःच्या बाबतीत मी भिंतीकडेने चालायला लागले आणि कुणाला कळलं नाही असं समजत राहिले. विलासने काठी आणली होती. ती मी कपाटामागे टाकली.

आठ ऑगस्टला, बुधवारी, दोघं ऑफिसला गेल्यावर मी आंघोळीला गेले. उभ्या उभ्या पाय गेला. पडताना जो आवाज झाला तो माझ्या ओळखीचा होता. उठायचा प्रयत्न करायचा नाही, हेही मला माहीत होतं. पण हाक मारायची होती, ती मारली नाही.

वैजू, आमच्या भिंती इतक्या पातळ आहेत की बाजीरावांचा खोकला मला ऐकू येतो. दहाच्या बातम्या ऐकू आल्या. मग कामगारांचा कार्यक्रम झाला. एक हाक पुरली असती. मी ओल्या फरशीवर दोन तास पडून राहिले. मला उचलायला लोक येतील, मला या अवस्थेत बघतील, कोणी काखेत हात घालील, कोणी पाय धरील, हे मनात आलं की तोंड मिटायचं. दुखत किती होतं ते सांगत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, अहो लाजता कशाला, आम्हाला काय नवीन आहे.

बारा वाजता सुंदराबाईने दार वाजवलं. "बाय, बोंबील हायेत गो, ताजं." मी गप्प. ती दोन पायऱ्या उतरली असेल, परत आली. "तुजी चप्पल बाहेर हाय. तू घरात हायस. बोलत का नाय?" तरी मी गप्प. मग ती म्हणाली, "मी हितंच बसते. तू बोलशील तवा बोल." आणि खरोखर पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा मी ओरडले. "मला उचला" एवढंच म्हणाले. सत्तर वर्षांत हे दोन शब्द मी कुणाला म्हटले नव्हते.

बाजीराव गॅलरीच्या कठड्यावरून आमच्याकडे आले, त्या वयात. पुढचं दार उघडलं, न्हाणीघराची कडी तोडली. सुंदराबाई आधी आत आली. तिने आपला पदर सोडून माझ्यावर टाकला आणि त्यांना म्हणाली, "तू तोंड फिरव रे." मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या लुगड्याला मासळीचा वास होता. अजून तो वास आला की मला बरं वाटतं.

हाडात सळई घातली. पाच आठवडे हॉस्पिटलात होते. तिथल्या पोरी मला "आजी, आजी" करायच्या, मी त्यांना चादर नीट खोचायला शिकवत होते. एकीने मला झोपेचं औषध दिलं, मला वाटतं मी गप्प बसावं म्हणून.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. स्मिता मला आंघोळ घालणार म्हणाली. मी नको म्हटलं. ओल्या फडक्याने पुसून घेईन म्हटलं. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी ती पाण्याची बादली घेऊन आली आणि पलंगाशी उभी राहून रडायला लागली. म्हणाली, "आई, मला घरी राहता येत नाही, रजा संपल्या. तुम्ही नको म्हणता आणि मी बसमध्ये उभी राहून तुमच्याच विचारात असते. मला पेशंटचं काही येत नाही. तुम्हाला येतं. मग तुम्ही सांगा ना, मी करते."

मी सांगितलं. कूस कशी वळवायची, हात कुठे धरायचा, खालचा टॉवेल केव्हा ओढायचा. पाठीला पाणी लागलं तेव्हा मला रडू आलं, ते मी साबण डोळ्यांत गेला म्हणून खपवलं. आता ती छान करते. माझ्या हाताखालच्या अर्ध्या मुलींपेक्षा चांगली.

पण एक गोष्ट झाली, तिच्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र आहे. गेल्या रविवारी स्मिता मटार सोलत होती. मी म्हटलं, आण इकडे, बसल्या बसल्या सोलते. माझ्या बोटांतून दोनदा शेंगा खाली पडल्या. तिने हळूच ताट ओढून घेतलं. "राहू द्या आई, तुम्हाला जमायचं नाही." प्रेमानेच म्हणाली. एवढीशी गोष्ट. मी भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत पडून राहिले.

ते वाक्य माझं होतं, वैजू. मी ते तुला आयुष्यभर म्हटलं.

मी विधवा होऊन ट्रेनिंगला गेले तेव्हा विलास वर्षाचा होता. त्याला आईने आणि तू वाढवलंत. तुझ्या कडेवरून तो उतरायचा नाही. मग तुला ताप येऊ लागला, क्षय निघाला, मिरज झालं, हवा भरून तुझं एक फुप्फुस मिटवलं. तू परत आलीस तेव्हा विलास धावत तुझ्याकडे निघाला आणि मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तेव्हा ते बरोबरच होतं, तुझी तपासणी बाकी होती. पण तपासण्या स्वच्छ आल्यावरही मी तुला तो कधी मोकळेपणी दिला नाही. "तुला जमायचं नाही." पाणी भरणं जमायचं नाही, नोकरी जमायची नाही, लग्न तर नाहीच. तू क्लास काढलास, घर चालवलंस, आईला वीस वर्षं सांभाळलंस. ते सगळं मी बघितलं, आणि तरी तुझी प्रकृती नाजूक हेच सगळ्यांना सांगत राहिले.

आईचा डावा हात-पाय गेला तेव्हा तू म्हणालीस, "तिला माझ्याकडेच राहू दे, मी करीन." मी चिपळूणला आले, दारात उभ्या उभ्या तुझं बोलणं तोडलं आणि आईला गाडीत घालून मुंबईला आणलं.

आता लिहून टाकते. थांबले तर हाही कागद फाडीन.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पोचलीस. पिशवी खाली न ठेवता तू विचारलंस, "आईने माझी आठवण काढली का?" मी म्हणाले, "शुद्ध नव्हती तिला."

तिला शुद्ध होती. शेवटपर्यंत होती. चार दिवस ती तुझंच नाव घेत होती. "वैजू कुठाय? वैजूला बोलाव." मी म्हणायचे, येतेय. तार ऑफिस हॉस्पिटलच्या फाटकासमोर होतं. तार केली ती आई जायच्या दिवशी सकाळी.

तुला प्रवास झेपणार नाही म्हणून केली नाही, असं मी विलासला सांगितलं. स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगितलं. ते खरं नाही. मी तिचं सगळं करत होते, रात्रंदिवस, आठ महिने. एकदाही तिने 'मालती' म्हणून समाधानाने हाक मारली नाही. मी तिची पाठ पुसत असायचे आणि ती दाराकडे बघायची. मला राग आला. जिला मी काही करू दिलं नव्हतं, तीच तिला हवी होती. मरणाऱ्या आईचा राग, आणि तो मी तुझ्यावर काढला.

तू तेराव्याला निघताना म्हणालीस, "ताई, तू मला कधी बरं होऊच दिलं नाहीस." मला ते शब्द तेव्हा कृतघ्नपणाचे वाटले.

मटाराचं ताट ओढून घेतलं जाणं कसं असतं ते मला सत्तराव्या वर्षी कळलं. तू ते अठराव्या वर्षापासून सोसलंस.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

ताई


वाशी
३ फेब्रुवारी १९८५, रविवार

प्रिय वैजू,

तुझं पत्र काल आलं. दोन महिने आठ दिवसांनी. या दिवसांत पोस्टमन जिन्यात आला की स्मिता माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

तू मला माफ केलंस असं कुठेच लिहिलं नाहीस. मी दोनदा शोधलं. तू लिहिलंस, 'बारा वर्षं मी समजत होते की आई मला विसरून गेली. वीस वर्षं तिच्या कुशीला झोपले, आणि आठ महिन्यांत विसरली. ही बारा वर्षं तुला परत देता यायची नाहीत, ताई.' यायची नाहीत.

मग मधे एक ओळ सोडून तू मिरजेबद्दल लिहिलंस. मी सप्टेंबरात विचारलं होतं त्याचं उत्तर. ते मी स्मितालाही वाचून दाखवलं. 'पहिले सहा महिने मी रोज मरायची वाट बघत होते. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईने सुईदोरा दिला. पडल्या पडल्या एका वेळी दहा टाके घालता यायचे, अकराव्याला दम लागायचा. मी दहा घालायचे आणि सुई खाली ठेवायचे. अजून तसंच करते. सकाळी उठले की आज अंगात काय आहे ते बघते, तेवढं काम काढते, उरलेलं कुणाला तरी सांगते. सांगायची लाज पहिली काही वर्षं वाटली.'

तुला मी दुबळी समजत होते!

मी वॉकर धरून आता गॅलरीपर्यंत जाते. खुर्चीत बसते आणि परत येते. एवढंच. डॉक्टर म्हणतात, याच्या पुढे फारसं होणार नाही, आणि मला त्यांच्याआधी ते कळलं होतं. सुरुवातीला रोज वाटायचं की आज जास्त चालून दाखवावं. एकदा दाखवलं, आणि तीन दिवस उठता आलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर आज गॅलरीत गेले, बसले, आणि बाजीरावांना हाक मारून म्हटलं, "जरा माझा चष्मा आतून आणून द्या." ते लगबगीने आले. इतका आनंद झाला त्यांना, की मीच चकित झाले.

आता तुझं शेवटचं. 'मी वाशीला येणार नाही. मी तिथे आले तर दोन दिवसांत तुझी पेशंट होईन, तू मला पलंगावरून हुकूम सोडशील. तुला यायचं असेल तर तू माझ्याकडे ये. माझ्या घरात, माझ्या पद्धतीने राहा. मी करीन तुझं. आईचं करायचं राहिलं म्हणून नाही. तुझं म्हणून करीन.'

विलासला दाखवलं. तो एकदम उठला. "अशक्य आहे. सहा तासांचा रस्ता, कशेडीचा घाट, त्यात तुझा पाय. मावशी चौसष्टची, तिला एक फुप्फुस. ती तुला उचलणार? तिला जमणार आहे का?"

मी म्हटलं, "विलास, तिला काय जमतं ते तिला ठरवू दे. आपण दोघांनी खूप ठरवलं."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मला तिने कडेवर घेतलेलं आठवत नाही गं. तिच्या परकराचं कापड आठवतं फक्त, निळं." आणि मग चपला घालून गाडीची चौकशी करायला गेला.

शनिवारी, नऊ तारखेला निघतो. भाड्याची अँबॅसिडर आहे. विलास आणि बाजीराव मला खुर्चीत बसवून जिना उतरवणार. पुढच्या सीटवर उशा लावून मी बसेन. महाडला थांबू. दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचू. विलास एक रात्र राहून परत येईल, मी राहीन. किती दिवस, ते तू सांग.

सुंदराबाई आज पापलेटाचे दोन तुकडे देऊन गेली, मी चिपळूणला निघाल्याचं सांगितल्यावर. "भैनीकडं चाललीस? मंग तितं रड बाय पोटभर. हितं सगली तुला धीट धीट म्हनतान, म्हनून तू रडत नाय." मी तिला म्हटलं, माझी बहीणच मला रडवेल, काळजी करू नकोस.

तुला आधीच माहीत असावं म्हणून लिहिते. मला उकिडवं बसता येत नाही. संडासला जाताना सोबत लागते. कूस बदलताना मी कण्हते, झोपेत जास्त. चिडते. तीन वेळा एकच गोष्ट सांगते, आणि तिसऱ्यांदा सांगतेय हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तुझ्या घरात तू पाणी कुठे ठेवतेस, दिवा केव्हा मालवतेस, सकाळी आधी काय करतेस, यातलं मला काहीही माहीत नाही. बहिणीचं घर, आणि मी तिथे कधी धड राहिले नाही. तू दाखवशील तसं राहीन. चुकून हुकूम सोडलाच तर ऐकू नकोस.

आणि एक. त्या चार दिवसांत आई तुझ्याबद्दल काय काय बोलली ते सगळं मी कागदावर लिहिलेलं नाही. मला आठवतंय, शब्द न् शब्द. ते तुझ्या समोर बसून सांगायचं आहे. तू विचारशील ते सगळं सांगेन, जितक्यांदा विचारशील तितक्यांदा. तुला राग येईल, आणि यायला हवा. पूर्वी तू रागावलीस की मी ड्यूटी आहे म्हणून उठून निघून जायचे. आता मला आपली आपण उठता येत नाही. तू बोलत राहा. मी तिथेच असेन.

तुझ्या हाती,
मालती